गावाला रेल्वे येईपर्यंत

खान्देशात रेल्वेच्या दोन जाती आहेत. एक धावणारी आणि दुसरी येणारी. धावणारी जळगावकरांच्या वाट्याला आली. तिथे मुंबईची, नागपूरची, सुरतेची गाडी दिवसभर ये-जा करते, शिवाय भुसावळ शेजारी. त्यामुळे जळगावचा माणूस रेल्वेबद्दल असा बोलतो की रूळ त्याच्या आजोबांनीच टाकले असावेत. येणारी रेल्वे आमची, धुळ्याची. मनमाडहून इंदूरला जाणारी लाइन धुळ्यावरून जाणार, हे मी शाळेत असल्यापासून ऐकतो आहे. मी शिकलो, कॉलेजात इतिहास शिकवू लागलो, रिटायर झालो, देवपुरात घर बांधलं, त्याला दोनदा रंग दिला, तरी ती येतेच आहे. चाळीसगावहून धुळ्याला एक फाटा येतो, नाही असं नाही. पण धुळ्याच्या पुढे वाटच नसल्यामुळे गाडी आल्या पावली माघारी जाते. माझी बायको जळगावची. ती म्हणते, "तुमच्या धुळ्याची गाडी बिचारी पत्ता चुकल्यासारखी येते आणि परत जाते." लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून ती हे दर पाहुण्याला ऐकवते.

खान्देशातल्या रेल्वेचा इतिहास लिहायला मी घेतला त्यालाही आता जमाना झाला. जळगावचं प्रकरण झालं, भुसावळचं झालं, पाचोऱ्याहून जामनेरला जाणाऱ्या छोट्या गाडीचंही झालं. धुळ्याच्या इंदूर लाइनचं प्रकरण तेवढं अडलं आहे. जी गोष्ट घडलीच नाही तिचा इतिहास लिहायचा कसा? कागद पुष्कळ वाचले. पण या लाइनीचं राजकारण मला जे काही समजलं ते कागदांवरून नाही, माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यावरून समजलं.

बहिणीला मी अक्का म्हणतो. तिच्या नवऱ्याला सगळं गाव नाना म्हणतं, म्हणून मीही नाना म्हणतो. त्यांचं गाव धुळ्याहून शिरपूरकडे जाताना महामार्गापासून थोडं आत आहे. या गावातून ती लाइन जाणार, असं प्रत्येक निवडणुकीत ठरतं.

अशाच एका निवडणुकीच्या सभेत, नाना ऐन तरुण असताना, ही गोष्ट घडली. उमेदवार यायला उशीर होता. लोक उठून जाऊ लागले, तेव्हा गर्दी धरून ठेवायला गावातल्या कार्यकर्त्यांना एकामागून एक बोलायला उभं केलं. पहिल्यानं सांगितलं, रेल्वे येईपर्यंत मी पायात चप्पल घालणार नाही. टाळ्या पडल्या. दुसऱ्यानं सांगितलं, मी डोक्याला टोपी घालणार नाही. पुन्हा टाळ्या. तिसरे नाना. पाय आणि डोकं दोन्ही आधीच्यांनी घेतलेलं, नानांना त्यातलं काही उरलं नव्हतं. घरात अहिराणीशिवाय दुसरं न बोलणारा हा माणूस माइक समोर आला की पुस्तकातलं बोलतो. ते म्हणाले, "जोपर्यंत माझ्या गावाला रेल्वे येत नाही, तोपर्यंत मी कुठल्याही रेल्वेत पाय ठेवणार नाही."

टाळ्या तर पडल्याच, वर उमेदवारासाठी आणलेला हारही नानांच्या गळ्यात पडला. शपथेला खर्च काहीच नव्हता. नानांना रेल्वेनं जायचंच कुठे होतं? शेत गावात, बाजार शिरपूरला, सासर धुळ्याला, आणि तिकडे जायला एसटी. चप्पलवाला पहिल्याच काट्याला शपथ विसरला. टोपीवाल्याला पुतण्याच्या लग्नात टोपी घालावी लागली आणि ती तशीच राहिली. नानांची शपथ मात्र टिकली, कारण ती मोडायची वेळच येत नव्हती.

टिकली म्हणून तिला किंमत आली. पुढच्या निवडणुकीला सगळ्या पक्षांचे उमेदवार नानांच्या ओट्यावर आले, पाया पडले आणि म्हणाले, "नाना, तुम्हाला गाडीत बसवल्याशिवाय राहणार नाही." त्याच्या पुढच्या निवडणुकीला त्यांची मुलं आली. लग्नात नानांना पहिला टॉवेल-टोपीचा मान, सभेत पुढची खुर्ची. पोरं त्यांना रेल्वेनाना म्हणू लागली. गावाला पाण्याची टाकी मिळाली ती या शपथेवर, डांबरी रस्ता मिळाला तोही या शपथेवर. रेल्वे देता येत नव्हती म्हणून पुढारी तिच्या बदल्यात काही ना काही देऊन जात. माझ्या अभ्यासात रेल्वेमुळे भरभराटीला आलेली गावं पुष्कळ आहेत; रेल्वे न आल्यामुळे सुधारलेलं हे एकच.

यात अक्का कुठे होती? घरातल्या कर्त्यानं उपास धरला की चूल आपोआप मंद होते, तसं तिचं झालं. शपथ नानांची, पण घरातून रेल्वेत कुणी बसेना. "स्वतः बसस नही आन् बायकोले गाडीमा बसाडस, असं लोक म्हनतीन," हे नानांचं म्हणणं. पुढे त्यांच्या एकुलत्या एक मुलीला स्थळ आलं ते जबलपूरचं. मुलगा आपल्याच समाजातला, तिथल्या कारखान्यात चांगल्या नोकरीला. जळगावला गाडीत बसलं की थेट जबलपूर. नानांनी लग्न लावून दिलं, लेकीला एसटीनं जळगावला नेलं आणि स्टेशनाच्या दारातून निरोप दिला. आत गेले नाहीत. फलाटावर पाय ठेवला तरी लोक शंका काढतील म्हणाले.

मुलगी दर उन्हाळ्यात यायची. तिच्या घरी मात्र अक्का कधीच गेली नाही. एकदा मोटार करून निघाले होते दोघं. पळासनेर गेलं, बिजासनीचा घाट लागला आणि नानांना गाडी लागली. ओकून ओकून माणूस पांढरा पडला. बिजासनी देवीला खालूनच हात जोडून मोटार माघारी वळली. त्यानंतर नानांनी जबलपूरचा विषय काढला नाही, आणि अक्कानं सोडला नाही.

गेल्या वर्षी भाचीनं जबलपुरात स्वतःचं घर बांधलं. तिचा मला फोन आला, "मामा, आई आल्याशिवाय मी वास्तुशांत करणार नाही. सांगून ठेवते. घर तसंच बंद राहील." शपथ घ्यायचा रोग या घराण्यात असा पसरलेला आहे. मी अक्काला कळवलं. अक्का म्हणाली, "आवंदा मी जासूच. तू ये आन् नानाले समजाड."

मी गेलो. इतिहासाचा माणूस म्हणून नानांना माझ्याबद्दल थोडा आदर आहे, म्हणजे मी बोलत असताना ते बिडी पेटवत नाहीत. मी म्हणालो, "नाना, शपथा मोडण्यासाठीच असतात. मोठमोठ्या राजांनी तह मोडले. तुमचं तर लेकीच्या घरी जायचं काम." नाना म्हणाले, "राजे मोडोत. तेस्ले कोठे ग्रामपंचायतमा तोंड दाखाडनं व्हतं?" पण त्यांच्या मनात चलबिचल होती. लेक त्यांचीही होती. शेवटी म्हणाले, गावाला विचारून बघू.

हीच ती चूक. बायकोला गाडीत बसवायचं की नाही, हे जगात कुणी गावाला विचारतं का? आमच्याकडे विचारतात. मारुतीच्या पारावर माणसं जमली. नानांनी जडभारी आवाजात विषय मांडला, आणि गाव एकदम घाबरलं. कारण नेमकी तेव्हाच लाइनीची खरीखुरी मोजणी सुरू झाली होती. दुर्बिणीवाले येऊन शिवारात झेंड्या लावून गेले होते. पलीकडच्या तालुक्यात मातीचा भराव पडला, असंही कुणी पाहून आलं होतं. सरपंच हात जोडून म्हणाले, "नाना, इतकी वर्षं थांबलात. आता गाडी दारात आली आणि तुम्ही शपथ मोडता? वरच्यांना कळलं की तुम्ही बसलात, तर म्हणतील यांना आता गरज नाही. लाइन दुसरीकडून नेतील." एक म्हातारबा तर म्हणाले, "तुन्हा पायगुनवर लाइन चालू शे, भो."

मी तोंड उघडलं. म्हणालो, "अहो, लाइन दिल्लीत ठरते. नाना कुठे बसतात ते दिल्ली बघत नाही." सगळ्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की पुस्तकं वाचून माणूस किती वाया जातो ते त्यांना समोर दिसत होतं. ठराव झाला. नानांनी शपथ मोडू नये. वास्तुशांतीला गावाच्या वतीनं साडी-चोळीचा आहेर कुरिअरनं पाठवावा. नानांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, आणि त्या दुःखाखाली बराचसा आनंदही होता. गावाला आपण इतके हवे आहोत हे कोणाला आवडत नाही? मला मात्र संताप आला. म्हणालो, घरी चला आणि हे अक्काला तुमच्या तोंडानं सांगा.

सांगायची वेळच आली नाही. पारावरचं बोलणं आमच्या आधी घरी पोचलं होतं. अक्का इरकल नेसून ओट्यावर उभी होती, शेजारी पिशव्या. एकीत कळण्याच्या भाकरीचं पीठ, एकीत भरताची वांगी.

"तुम्हनी शपथ तुम्ही पाळा," ती नानांना म्हणाली. "मी जास. मन्हा भाऊ शे संगे."

नाना म्हणाले, "आन् लोक?"

"लोकेस्ले कुरिअरनं धाडी द्या."

नानांनी पिशव्या उचलल्या. ते आमच्याबरोबर एसटीत बसून जळगावपर्यंत आले. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, जळगाव आलं. स्टेशनाच्या दारात थांबले. अक्का पुढे जाऊन परत आली आणि म्हणाली, "भाकरी शेजारनी टाकी दी. म्हैसले येळवर पानी पाजा." नानांनी विचारलं, परत कधी येशील? अक्का अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आपला गावले गाडी उनी का मी ईसू." आणि आत गेली. गाडी गावाला आली की मगच येणार, ही नानांना थट्टा वाटली. मलाही वाटलं.

वास्तुशांत झाली. भाचीनं आईला धरून प्रत्येक खोली दाखवली. अक्कानं प्रत्येक खोलीत थोडं थोडं रडून घेतलं. चार दिवसांनी मी निघालो तेव्हा अक्का निघेना. मी म्हणालो, "चल की." ती म्हणाली, "सांगेल शे ना. गावले गाडी उनी का ईसू." मी म्हणालो, अगं, ती लाइन म्हणजे काय थट्टा आहे? ती म्हणाली, "मंग मन्ही शपथ थट्टा शे का? शपथ मोडाले मी काय पुढारी शे?"

मी एकटा परत आलो आणि नानांना निरोप दिला. पहिले काही दिवस त्यांनी तो हसण्यावारी नेला. मग शेजारच्या भाकरीला कंटाळले. मग म्हैस दूध देईना. म्हशीलाही अक्काच लागायची. ओट्यावर माणसं येत, मोजणीच्या गप्पा होत, पण चहा कोण करणार? पुढाऱ्याच्या ओट्यावर चहा मिळेनासा झाला की गर्दी किती दिवस टिकते ते मी इतिहासात वाचलं होतं, आता डोळ्यांनी पाहिलं. दिवाळी एकट्यानं काढली. त्यानंतर एका सकाळी नाना देवपुरात माझ्या दारात उभे. खांद्याला पिशवी, तोंडाला उपरणं गुंडाळलेलं.

"चाल," म्हणाले. "तिकीट काढ."

माझ्या बायकोनं आतून विचारलं, "कुठल्या गाडीचं? तुमच्या का आमच्या?" नाना मान खाली घालून म्हणाले, "जळगावचं." बायकोच्या चेहऱ्यावर तो दिवसभर विजय होता, असं मला नंतर मुलानं सांगितलं.

जळगाव स्टेशनात नाना उपरणं नाकापर्यंत ओढून चालत होते. फलाटावर थबकले, मग मारुतीच्या देवळात जाताना काढतात तशी चप्पल काढायला निघाले. मी म्हणालो, नाना, राहू द्या. गाडी आली. डब्यात त्यांनी पाय ठेवला आणि समोरच्या बाकावरून आवाज आला, "राम राम रेल्वेनाना." शिरपूर भागातलं अख्खं बिऱ्हाड, यात्रेला निघालेलं. खान्देशातला माणूस कुठे लपेल? त्यातल्या एकानं आनंदानं फोन काढला आणि गावाला कळवलं. भुसावळ यायच्या आत सरपंचांचा नानांना फोन.

नाना फोन कानाला लावून उभे राहिले. शिव्या ऐकायची तयारी करून. पलीकडून सरपंच बोलत होते, आणि नानांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. फोन ठेवून म्हणाले, "दुसरा बसाडी दिन्हा."

म्हणजे झालं असं. पारावर लगेच माणसं जमली, आणि नानांच्या चुलत घरातल्या एका तरण्या गड्यानं तीच शपथ घेतली. हार पडला. सरपंच नानांना म्हणत होते, "तुम्ही काळजी करू नका, सावकाश या. इकडचं आम्ही भागवलं." उभ्या जन्माची शपथ, आणि तिच्या जागी दुसरी बसायला तापीचा पूलसुद्धा लागला नाही. नाना तोंडावरचं उपरणं सोडून त्याची घडी घालू लागले. मलाही वाईट वाटलं. मी केळं सोलून हातात दिलं.

खंडवा गेलं तसे ते खिडकीकडे सरकले. इटारसीला चहा घेतला. कुणाच्या तरी पोराला मांडीवर घेऊन त्याला शेतं दाखवू लागले. घाट नाही, ओकारी नाही. जबलपूरच्या अलीकडे नर्मदा ओलांडताना त्यांनी हात जोडले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "हे इतलं सोपं व्हतं?" मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

भाचीच्या दारात अक्का उभी होती. नाना पायापासून डोक्यापर्यंत धुळीनं आणि आनंदानं भरलेले. सांगू लागले, "अव, खिडकीमातून दखं मी..." अक्का म्हणाली, "माले काय सांगतस? मी बी तीच गाडीवर उनू." मग तिनं त्यांना पाणी दिलं, गरम भाकरी वाढली, भरीत वाढलं. नाना जेवले आणि हात धुऊन म्हणाले, "चाल मंग सकाय." अक्का म्हणाली, "गावले गाडी उनी का?"

"नही."

"मंग?"

नाना दोन दिवस राहून एकटे परतले. म्हैस होती, गहू होता. पण पुढच्या महिन्यात पुन्हा गेले. त्याच्या पुढच्या महिन्यातही. आता ते माझ्याकडे येतच नाहीत; परस्पर जळगाव गाठतात. जाताना वांगी नेतात, मेथी नेतात, एकदा तर केळीचा अख्खा घड नेला आणि डब्यात निम्मा वाटून टाकला. कुठल्या गाडीला जागा मिळते, कुठल्या फलाटावर चहा बरा, हे ते मला शिकवतात. ओट्यावर फारसं कुणी येत नाही. त्यांचंही आता लक्ष नसतं. गावाबाहेर दुर्बिणीवाले दिसले की मात्र नाना बांध तुडवत जातात आणि विचारतात, "साहेब, कवय व्हई?" साहेबांना हा म्हातारा माहीत नाही. मला फोन करून नाना विचारतात, "खरं सांग, गाडी यी का?" इतक्या निवडणुका या माणसानं रेल्वे मागितली, ती यावी असं त्याला वाटताना मी आत्ता पाहतो आहे. पुढचं मी काय सांगणार? मागचं विचारा, सांगतो.

गेल्या आठवड्यात मी अक्कावर चिडलो. फोनवर म्हणालो, "पुरे झालं आता. त्यांचं वय बघ. दर महिन्याला एवढ्या लांब येतात. तुझं समाधान होईना का अजून?"

 ती म्हणाली, "भाऊ, लगीन व्हयनं तवयपशी नाना मीटिंगले गयात, सभाले गयात, धुळे गयात, नाशिक गयात. मन्हासाठे घरमातून कोठे निंघनात? आते निंघतस. पिशवी लिसन येतस, दारमा हुभा ऱ्हातस, हासतस." आणि मग हळूच विचारलं, "लाइननं काम कोठलोंग उनं रे?"

मी म्हणालो, जोरात चालू आहे म्हणतात.

"व्हऊ दे," अक्का म्हणाली. "पन त्या लाइनवालास्ले सांग, जरा सावकाश करा."